समुद्रतळावरील श्रमाचा हिशेब

तारकर्लीच्या सहलीहून परतलेल्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी वर्गात विचारले, "सर, पाण्याखालून सावकाशच वर या, असे तिथले शिक्षक का बजावतात?" प्रश्न अर्थशास्त्राचा नव्हता, तरी तो टाळावासा वाटला नाही. फुप्फुसांतील हवा वर येताना प्रसरण पावते, हे त्याचे एक कारण. दुसरे समजावून देण्यासाठी जुन्या जालन्यातल्या सोड्याच्या दुकानाचा दाखला दिला. बाटलीचे झाकण एकदम काढले की फेस उसळतो; हळूहळू सैल केले तर वायू मुकाट्याने निघून जातो. माणसाचे रक्त आणि ऊती यांचीही गत काहीशी अशीच आहे.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर श्वासातील हवा भूपृष्ठाच्या चौपट दाबाची असते आणि तिच्यातील नायट्रोजन रक्तावाटे शरीरात विरघळू लागतो. मात्र सर्व ऊती तो सारख्या वेगाने घेत नाहीत. मेंदूला रक्तपुरवठा विपुल, म्हणून तो लवकर भरतो. चरबी, स्नायुबंध यांना फार वेळ लागतो. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढणाऱ्या कारकुनाला हे गणित परके वाटू नये. ऊतीतील वायूचा दाब आणि बाहेरचा दाब यांतील अंतर ठराविक काळात निम्मे होते, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचे निम्मे. हा काळ पाच मिनिटांचा असेल तर अर्ध्या तासात ऊती जवळजवळ पूर्ण भरते. पंचाहत्तर मिनिटांचा असेल तर तेवढ्याच वेळात जेमतेम चौथा हिस्सा भरतो. पाच ते पंचाहत्तर मिनिटांचे असे पाच गट कल्पून इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोकडांवर प्रयोग केले आणि 1908 साली वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. दाब एका वेळी निम्म्याहून खाली आणू नये, मध्ये थांबावे, हे त्यांचे सूत्र. पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण पाया तोच राहिला. घाई केली तर वायूचे बुडबुडे होतात. सांध्यांत असह्य वेदना, कधी पक्षाघात, क्वचित मृत्यूही.

येथे माझ्या विषयाचा संबंध येतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवरील बॉम्बे हायचे तेलक्षेत्र 1974 साली सापडले. तिथे पाणी साधारण 75 मीटर खोल आहे. तळाशी नळ बसविणाऱ्या पाणबुड्याला रोज वर आणायचे म्हटले, तर कामाच्या तासांहून वर येण्याचेच तास अधिक भरतील. त्यावर तोडगा निघाला तो ऊतींच्याच एका गुणातून. एकदा त्या संपृक्त झाल्या की पुढे कितीही दिवस राहिले तरी त्या अधिक वायू घेत नाहीत. मग माणसांना जहाजावरील पोलादी खोलीत तळाच्या दाबाखालीच ठेवायचे, त्याच दाबाच्या पिंजऱ्यातून कामाला उतरवायचे. (तेवढ्या खोलीवर नायट्रोजन झिंग आणतो, म्हणून श्वासाला हेलियम.) पंधरवडाभर काम करा की तीन आठवडे, अखेरीस दाब उतरविण्याचे तीन-चार दिवस तेवढेच. बदलत्या खर्चाचा स्थिर खर्च कसा करावा, याचे इतके चोख उदाहरण माझ्या पाठ्यपुस्तकात नाही.

परंतु या काटकसरीची एक बाजू जमाखर्चात दिसत नाही. ते तीन-चार दिवस पैसे मोजून कमी करता येत नाहीत, आणि संकट आले म्हणूनही नाही.

27 जुलै 2005 रोजी, मुंबईतील महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी आचाऱ्याला उपचारासाठी उतरवायला बॉम्बे हाय नॉर्थच्या फलाटाजवळ गेले, लाटांनी त्यावर आदळले, तेलवायूचा नळ फुटला आणि आग भडकली. दोन तासांत फलाट नष्ट झाला. बावीस माणसे गेली. आगीच्या झळा लागलेल्या जहाजावरील इतरांना जहाज सोडता आले. सहा पाणबुडे मात्र त्या पोलादी खोलीत होते. दार उघडणे म्हणजे बाटलीचे झाकण उडविणे. बाहेर आग, आत मुरलेला वायू, आणि मधल्या दाराशी काहीच करता येण्यासारखे नाही. सुमारे छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. अशा खोलीतील माणसांना दाबासकट हलविणाऱ्या जीवरक्षक नौका असतात, त्या महागही असतात. तेलाच्या प्रत्येक पिंपाच्या किमतीत त्यांचा खर्च धरलाच पाहिजे. तो वाचविलेला खर्च नफा नव्हे, पाणबुड्याच्या नावे काढलेले कर्ज आहे.

'समुद्र सुरक्षा' 1 ऑगस्टला ओढून नेताना बुडाले. तोवर सहाही जण त्यातून बाहेर पडलेले होते.