मुक्त प्रवेश प्रकाशन

मुक्त प्रवेश प्रकाशन : संशोधनपर निबंध वाचकाकडून मूल्य न घेता आंतरजालावर उपलब्ध करून देण्याची व त्यांच्या पुनर्वापरास मोकळीक देण्याची प्रकाशनपद्धती. मूळ लेखकाचे श्रेय मात्र नमूद करावे लागते. निबंधांबरोबरच मूळ निरीक्षणे, आधारसामग्री व संगणकीय आज्ञावल्याही खुल्या ठेवण्याच्या व्यापक कल्पनेस ‘मुक्त विज्ञान’ म्हणतात.

संशोधनपत्रिकांचा प्रारंभ १६६५ मध्ये पॅरिस व लंडन येथे झाला. प्रथम त्या मुख्यतः विद्वत्सभांच्या हाती होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांपैकी पुष्कळ व्यापारी प्रकाशकांकडे गेल्या. या व्यवसायाचे अर्थकारण विलक्षण आहे. प्राध्यापक निबंध लिहितो तो मानधनाविना. त्याचे परीक्षण दुसरा प्राध्यापक बहुधा विनामूल्य करतो. प्रताधिकार प्रकाशकाकडे जातो आणि तोच निबंध विद्यापीठाचे ग्रंथालय वर्गणी भरून विकत घेते. एका पत्रिकेची उणीव दुसरीने भरून निघत नसल्यामुळे किंमतीवर स्पर्धेचा अंकुश राहत नाही.

या व्यवस्थेस पहिला मोठा पर्याय पदार्थवैज्ञानिकांनी दिला. निबंध छापून येण्यापूर्वी त्याच्या प्रती सहकाऱ्यांना टपालाने पाठविण्याची त्यांची जुनी प्रथा होती. परंतु त्या प्रती नामांकित संस्थांतच प्रथम पोहोचत. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतील लॉस ॲलमॉस प्रयोगशाळेत अशा पूर्वप्रतींचा संगणकीय संग्रह सुरू केला. ‘अर्काइव्ह’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा संग्रह २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेला. त्यात रीतसर परीक्षण होत नाही, हे वाचकाने ध्यानी ठेवावे लागते.

२००२ च्या बूडापेस्ट जाहीरनाम्याने दोन मार्ग सुचविले : लेखकाने आपला निबंध खुल्या संग्रहात ठेवणे (हरित मार्ग) आणि पत्रिकाच खुली असणे (सुवर्ण मार्ग). पहिल्या मार्गात हार्व्हर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेचा फेब्रुवारी २००८ मधील ठराव महत्त्वाचा आहे. निबंध प्रकाशकाकडे जाण्यापूर्वीच तो खुला करण्याची अनुमती प्राध्यापकांनी त्याअन्वये विद्यापीठास दिली. अपवादाची सवलतही ठेवली. प्रश्न मुळात हक्काचा आहे, हे या ठरावाने नेमके ओळखले.

सुवर्ण मार्गात खर्चाचा भार पुष्कळदा वाचकावरून लेखकावर येतो. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या निबंधासाठी ९,५०० यूरो, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक, शुल्क ठेवले. वाचण्याचे दार उघडले, पण लिहिण्याचे अरुंद झाले. शुल्क घेऊन परीक्षणाविना काहीही छापणाऱ्या बनावट पत्रिकाही याच वाटेने फोफावल्या. लेखक व वाचक दोघांनाही विनामूल्य असा मार्ग लॅटिन अमेरिकेतील विद्यापीठांनी सार्वजनिक निधीच्या बळावर चालवून दाखविला आहे.

भारतातील स्थिती : बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये आपल्या निबंधांचा खुला संग्रह उभारला. त्याच सुमारास मुंबईच्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने लेखकांकडून शुल्क न घेता अनेक वैद्यकीय पत्रिका आंतरजालावर खुल्या केल्या; २०११ मध्ये ती संस्था वोल्टर्स क्लूव्हर या विदेशी प्रकाशकाने घेतली. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांच्या सु. १३,००० पत्रिका शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना वाचावयास देण्याची ही योजना आहे. लहान गावातील शासकीय महाविद्यालयास तिचा लाभ मोठा. तथापि ती सामुदायिक खरेदी होय, मुक्त प्रवेश नव्हे. संस्थेबाहेरचा डॉक्टर किंवा निवृत्त अध्यापक तिच्या कक्षेत येत नाही.

याउलट ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा संग्रह कोणासही खुला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. त्यामुळे पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एखाद्या प्रतीच्या रूपाने पडून राहणारे मराठीतील प्रबंधही आता घरबसल्या वाचता येतात.