हातच्याची वजाबाकी आणि संध्याकाळची ताई

४६ मधून २९ वजा करायला सांगितले की पाचवीतली कितीतरी मुले बेधडक २३ लिहून मोकळी होतात. चूक आहे, पण तिला तर्क आहे. मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्यांच्या लक्षात राहिलेले असते. नवातून सहा गेले तीन, चारातून दोन गेले दोन. दशक फोडून हातचा कधी घ्यायचा, ते तिसरीतच कधीतरी निसटलेले असते. बहुधा ज्या महिन्यात घरात लग्न होते किंवा ताप आला होता, तेव्हा. शाळेत आता अपूर्णांक सुरू झालेत. गुरुजींना मार्चपर्यंत पुस्तक संपवायचे आहे आणि मागच्या बाकावर गप्प बसले की कोणी विचारत नाही, हे पोराला केव्हाच उमगलेले आहे.

गावोगावच्या मोफत शिकवणी केंद्रांचे काम या निसटलेल्या जागेपासून सुरू होते. समाजमंदिर, देवळाचा ओटा, नाहीतर कोणाची तरी पडवी. शाळा सुटल्यावर तास-दीड तास पंधरा-वीस मुले जमतात. शिकवणारी ताई त्याच गावची, बारावी झालेली लेक किंवा सून. अमक्याचा बाप दारू पितो, तमकीला धाकट्या भावाला कडेवर घेऊनच यावे लागते, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. अंधार पडल्यावर मुलीला लांब न पाठवणारे आईबापही तिच्या ओसरीवर पाठवतात, कारण ओसरी हाकेच्या अंतरावर असते.

गरज किती मोठी, हे ‘असर’ या पाहणीतून दिसते. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ही पाहणी करते. स्वयंसेवक घरी जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२२ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. आकडा सुधारला हे खरेच, पण चारातली जवळजवळ तीन मुले अजून अडखळतात. ज्यांना परवडते ते पैसे मोजतात: २०२२ मध्ये ग्रामीण भागातली ३०.५ टक्के मुले फी भरून शिकवणीला जात होती. बिहारमध्ये हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्याही वर होते. उरलेल्यांसाठी ताईची ओसरी.

कल्पना काही आजची नाही. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे नेऊ, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर करून पाहिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची कुरणशाळा भरे. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाने दिवसाऐवजी रात्र निवडली. तिथल्या संस्थेने १९७५ मध्ये रात्रशाळा सुरू केल्या, कारण दिवसा मुले शेळ्यांमागे असत. पुढे तिथे सौरकंदील आले. मुलांनी निवडून दिलेली बालसंसद आली आणि ती शाळेच्या कारभाराचा जाब मोठ्यांना विचारू लागली. घड्याळ मुलांच्या कामाप्रमाणे लावायचे, हे या दोन्ही ठिकाणी आधी ठरले. पुस्तक नंतर आले.

‘प्रथम’ची सुरुवात मात्र मुंबईच्या वस्त्यांतली, नव्वदच्या दशकातली. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे हे तिचे संस्थापक. तिथे ‘बालसखी’ नावाची योजना आली: मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वस्तीतल्याच तरुणीने शिकवायचे. मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिची चाचणी घेतली, तेव्हा गुण वाढल्याचे दिसले. (२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते हेच बॅनर्जी.)

शहरात जमले ते खेड्यात जमेल का, याचे उत्तर उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत शोधले गेले. काही गावांत सभा घेऊन शाळा समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्यापुढे जाऊन, आपल्या मुलांना वाचता येते का हे गावकऱ्यांनी स्वतः तपासायचे असे ठरले. तिसऱ्या गटात याच्या जोडीला गावातल्या तरुणांना मुलांना वाचायला कसे शिकवायचे ते चार दिवस दाखवले. पहिल्या दोन उपायांनी काही हलले नाही. मुळात शाळेची समिती अस्तित्वात आहे, याचाच ९२ टक्के पालकांना पत्ता नव्हता! तिसऱ्या गटात मात्र तरुण पुढे आले, वर्ग भरू लागले. सुरुवातीला एकही अक्षर न ओळखणारी जी मुले या वर्गांना आली, ती सगळी वर्षाअखेर निदान अक्षरे ओळखू लागली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तशी मुले चाळीस टक्केच निघाली.

उत्साहाला आवर घालणारी एक गोष्ट याच प्रयोगाच्या अहवालात आहे. वर्गांना आलेली मुले गावातल्या एकूण मुलांच्या जेमतेम आठ टक्के होती. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याचे पाय ओट्याकडे सहसा आपोआप वळत नाहीत. त्याच्या घरी कोणीतरी जावे लागते.

तामिळनाडूने ते सरकारी पातळीवर केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, करोनाने दीड वर्ष शाळा बंद ठेवल्यानंतर, तिथे ‘इल्लम तेडी कल्वी’ सुरू झाली. अर्थ साधारण असा, की शिक्षणच घर शोधत येईल. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, संध्याकाळी तास-दीड तास, एकेकाकडे वीसेक मुले, मानधन महिना हजार रुपये. पाचवीपर्यंत शिकवायला बारावी, पुढच्या वर्गांना पदवी. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या सुमारे १९ हजार मुलांचा मागोवा घेतला. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांनी बुडालेल्या अभ्यासापैकी दोन-तृतीयांश भरून काढला आणि या भरपाईतला २४ टक्के वाटा संध्याकाळच्या वर्गांचा होता. उरलेला मोठा वाटा शाळेचाच, हेही नोंदवायला हवे. ओसरी शाळेची जागा घेऊ शकत नाही. आणि हजार रुपयांत दोन लाख माणसे कुठवर राबवायची, हा प्रश्न कौतुकाच्या भरात कोणी विचारला नाही.

ताई नेमके करते काय? मुलांचे गट इयत्तेप्रमाणे पाडत नाही. अक्षराशी अडलेली चौथीची मुलगी आणि दुसरीचा मुलगा एका सतरंजीवर, शब्द वाचणारे दुसऱ्या. कोणी पुढे सरकले की सतरंजी बदलते. मोजायला काड्यांचे जुडगे असते. दहाचे एक जुडगे मुलाने स्वतःच्या हाताने सोडले, की ४६ मधून २९ काढताना काय होते ते फळ्यापेक्षा लवकर कळते.

मग हीच ताई सरळ शाळेत का नेऊ नये? बिहार आणि उत्तराखंडात २००८ पासून ते पाहिले गेले. बिहारमध्ये एका उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभर अशी शिबिरे घेतली, पुस्तक बाजूला ठेवून, आणि मुले पुढे गेली. म्हणजे गुरुजींना येत नाही असे नव्हे. तिथेच शाळेच्या वेळेबाहेर शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनीही मुलांना पुढे नेले. उत्तराखंडात स्वयंसेवकांना शाळेतच बसवले. शाळांत शिक्षक कमी होते. शाळांनी या जादा माणसाला एक वर्ग देऊन टाकला आणि नेहमीचे पुस्तक शिकवायला लावले. वर्षाअखेर मुलांची चाचणी झाली, तेव्हा त्या शाळांत काहीच फरक पडलेला दिसला नाही.