पंच्याण्णवाव्या मिनिटापर्यंतची आठ वर्षं

२४ मे २०२५. लंडनच्या वेम्बली मैदानावर फुटबॉल सामन्याची नव्वद मिनिटं उलटून गेली होती. शेफील्ड युनायटेड १, संडरलँड १. आता जादा वेळ खेळावा लागणार असं मैदानावर आणि मैदानाबाहेर सगळ्यांनीच धरलेलं होतं. तेवढ्यात शेफील्डचा एक पास चुकला. बदली म्हणून उतरलेल्या टॉम वॉटसननं तो वाटेतच पकडला, चेंडू घेऊन तो पुढे निघाला आणि बॉक्सच्या बाहेरूनच त्यानं जमिनीलगत वळणारा फटका मारला. गोलरक्षक मायकेल कूपरनं झेप घेतली, पण चेंडू खांबालगत आत शिरला होता. भरपाई वेळेतलं पाचवं मिनिट चालू होतं. संडरलँड प्रीमियर लीगमध्ये परतलं होतं.

मैदानात त्या दिवशी ८२,७१८ प्रेक्षक होते. गोल झाला तेव्हा संडरलँडच्या बाजूला कोण कुणाच्या अंगावर पडतंय याचा पत्ता नव्हता. माणसं रांगा ओलांडून अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होती. खेळात शेवटच्या क्षणी मिळालेले विजय पुष्कळ असतात, पण हा जल्लोष एका सामन्याचा नव्हता. गेल्या आठ वर्षांत याच शेवटच्या मिनिटांनी या लोकांना पुन्हा पुन्हा रडवलं होतं. ती आठ वर्षं माहीत नसतील, तर त्या दुपारी वेम्बलीवर काय झालं ते अर्धंच कळेल.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, वेअर नदीच्या मुखाशी संडरलँड हे गाव आहे. जहाजबांधणी आणि कोळसा यांवर ते पिढ्यान् पिढ्या जगलं. १९८८ मध्ये शेवटच्या गोद्या बंद पडल्या. १९९३ च्या डिसेंबरमध्ये मंकवेअरमथची कोळसा खाण बंद झाली. त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये क्लबचं नवं मैदान उभं राहिलं, स्टेडियम ऑफ लाइट. बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याचं शिल्प आहे. आजोबा ज्या जमिनीखाली कोळसा खणत होते, तिच्यावर आता नातवंडं सामना बघतात. क्लब १८७९ चा, जेम्स ॲलन या शाळामास्तरानं पुढाकार घेऊन काढलेला. सहा वेळा लीगचं विजेतेपद मिळालेला, पण त्यातलं शेवटचं १९३६ मध्ये. १९७३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असताना त्यांनी बलाढ्य लीड्सला हरवून एफए कप जिंकला. त्यानंतर मोठा चषक नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना ज्यानं पाहिला आहे, त्याला पेठेचं नाव छातीवर घेऊन ओरडणं म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. संडरलँडमध्ये अख्खं गावच एक पेठ आहे.

सलग दहा मोसम प्रीमियर लीगमध्ये काढल्यावर २०१७ मध्ये पडझड सुरू झाली. डेव्हिड मोयेस प्रशिक्षक असलेल्या संघाला ३८ सामन्यांत २४ गुण मिळाले. २९ एप्रिलला घरच्या मैदानावर बोर्नमथनं १-० हरवलं आणि खाली जाणं पक्कं झालं. गोल ८८व्या मिनिटाला झाला होता.

पुढचा मोसम त्याहून वाईट गेला. डिसेंबर २०१६ नंतर घरच्या मैदानावर पुढचा विजय मिळायला डिसेंबर २०१७ उजाडावा लागला. जवळजवळ वर्षभर लोक तिकीट काढून यायचे आणि मान खाली घालून घरी जायचे. २१ एप्रिल २०१८ ला बर्टन अल्बियनविरुद्ध संडरलँड ८६व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे होतं. मग डॅरेन बेंटनं बरोबरी केली. हा बेंट पूर्वी संडरलँडसाठीच गोल करायचा. भरपाई वेळेत बर्टननं दुसरा गोल केला. त्यानंतर संडरलँडनं चेंडू जाळ्यात धाडला, तर तो हाताला लागला म्हणून पंचांनी नाकारला. एकदा आशा, एकदा घाव, पुन्हा आशा, पुन्हा घाव, आणि हे सगळं दहा मिनिटांच्या आत. क्लब सलग दुसऱ्या वर्षी घसरून तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये गेला.

या वर्षभर कॅमेरे चालू होते. 'फुलवेल ७३' ही निर्मिती संस्था संडरलँडच्या पाठीराख्यांचीच. जुन्या रोकर पार्क मैदानावरची फुलवेल बाजू आणि १९७३ चा चषक, यांवरून तिचं नाव आलं आहे. घसरलेला क्लब एका वर्षात वर कसा येतो, हे त्यांना टिपायचं होतं. टिपलं गेलं ते दुसरंच. 'संडरलँड टिल आय डाय' ही मालिका २०१८ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आली आणि या गावाशी काही संबंध नसलेली माणसंसुद्धा त्यात गुंतली. मला ती फार मोलाची वाटते. इतक्या जवळून हरणाऱ्यांकडे बघायची फुटबॉलला सवय नाही.

लोक मात्र येत राहिले. २०१८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या श्रेणीतल्या सामन्याला, ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ माणसं आली. लीग वनमधला हा विक्रम होता. त्या मोसमात ४६ सामन्यांपैकी फक्त पाच हरले, पण १९ बरोबरीत सोडवले आणि पाचव्या क्रमांकावर राहिले. मग वेम्बलीच्या दोन वाऱ्या झाल्या. ३१ मार्च २०१९ ला ईएफएल ट्रॉफीचा अंतिम सामना ते पोर्टस्मथविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये हरले. तो पाहायला ८५,०२१ प्रेक्षक होते. दुसरी वारी २६ मेची, लीग वनमधून वर जाण्यासाठीच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना चार्ल्टनविरुद्ध.

चार्ल्टन हे नाव संडरलँडमध्ये १९९८ पासूनच दुखरं आहे. तेव्हाही प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ४-४ अशी बरोबरी झाली होती. चार्ल्टनकडून क्लाइव्ह मेंडोंसानं तीन गोल केले, आणि तो स्वतः संडरलँडमध्ये वाढलेला, याच क्लबचा पाठीराखा होता. पेनल्टी ७-६ अशा सुटल्या, निर्णायक पेनल्टी मायकेल ग्रेची हुकली. २०१९ मध्ये त्याची परतफेड होईल असं पाचव्याच मिनिटाला वाटून गेलं, कारण चार्ल्टननं स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला होता. चार्ल्टननं पस्तिसाव्या मिनिटाला बरोबरी केली. आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला पॅट्रिक बावरनं गोलसमोरच्या गर्दीत चेंडू आत ढकलला. २-१. पुन्हा सुरुवात करायलाही वेळ उरला नव्हता. इतक्या लांबून, साडेचारशे किलोमीटरवरून आलेली माणसं पुन्हा गाडीत बसली.

पुढची दोन वर्षं भराभर सांगून टाकावीत. २०१९-२० चा मोसम कोविडमुळे अर्ध्यावर थांबला आणि क्लब आठवा आला, इतिहासातलं सर्वांत खालचं स्थान. २०२१ च्या फेब्रुवारीत किरिल लुई-ड्रेफस या तेवीस वर्षांच्या तरुणानं क्लबची सूत्रं हाती घेतली आणि तरुण खेळाडूंवर भर देण्याचं धोरण आलं. मार्चमध्ये ट्रॅनमिअरला १-० हरवून ईएफएल ट्रॉफी मिळाली. १९७३ नंतर वेम्बलीवर मिळालेला हा पहिला विजय, आणि तो रिकाम्या मैदानात. ज्यांनी सगळे पराभव तिथं बसून सोसले, त्यांना तो घरात टीव्हीवर बघावा लागला. याची हळहळ मला आजही वाटते.

बदलाचं पहिलं चिन्ह २०२२ मध्ये दिसलं. जानेवारीत बोल्टनकडून ०-६ असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक ली जॉन्सनना जावं लागलं आणि ॲलेक्स नील आले. प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत शेफील्ड वेन्सडेच्या मैदानावर, ९ मे रोजी, भरपाई वेळेतल्या तिसऱ्या मिनिटाला पॅट्रिक रॉबर्ट्सनं बरोबरीचा गोल केला आणि दोन सामन्यांची ती लढत संडरलँडच्या पदरात पडली. शेवटच्या मिनिटांचं पारडं प्रथमच या बाजूला झुकलं. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री लंडनचा ट्रफाल्गर चौक लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी भरून गेला, आणि २१ मे रोजी वायकम्बला २-० हरवून चार वर्षांनी तिसऱ्या श्रेणीतून सुटका झाली.

दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, पहिल्याच वर्षी प्ले-ऑफ गाठली, पण उपांत्य फेरीत लूटननं अडवलं. त्यापुढच्या वर्षी प्रशिक्षक बदलत राहिले आणि क्लब सोळावा आला. २०२४ च्या जूनमध्ये लोरियाँ क्लबहून रेजीस ल ब्री आले तेव्हा फार कुणी अपेक्षा ठेवली नव्हती. त्यांनी सतरा वर्षांचा क्रिस रिग, एकोणीस वर्षांचा जोब बेलिंगहॅम, साउथ शील्ड्सचा डॅन नील कर्णधार, अशा कोवळ्या पोरांना घेऊन संघ चौथ्या क्रमांकावर आणला. शेवटच्या टप्प्यात मात्र दम संपला. साखळीतले अखेरचे पाचही सामने संडरलँड हरलं. प्ले-ऑफला निघालेला संघ इतक्या वाईट अवस्थेत क्वचितच असतो.

कॉव्हेंट्रीविरुद्धची उपांत्य लढत मला अंतिम सामन्याइतकीच मोठी वाटते. परक्या मैदानावर २-१, त्यातला विजयी गोल एलिएझर मायेंडाचा, ८८व्या मिनिटाला. १३ मे रोजी घरच्या मैदानावर कॉव्हेंट्रीनं एक गोल करून एकूण बरोबरी साधली आणि जादा वेळ सुरू झाला. तोही संपला. पेनल्टी शूटआऊट काही सेकंदांवर असताना कॉर्नर मिळाला. एन्झो ल फेनं चेंडू आत टाकला, डॅन बॅलर्डनं उडी मारून डोकं लावलं, चेंडू आडव्या खांबाला आपटून आत गेला. घड्याळात एकशे बाविसावं मिनिट. खाणीच्या त्या जमिनीनं इतका आवाज ऐकला नसेल.

आणि मग वेम्बली. समोर शेफील्ड युनायटेड, तेही लाल-पांढऱ्या पट्ट्यांचेच. सामना सुरू होतो न होतो तोच कीफर मूरचा हेडर अँथनी पॅटरसननं जीव तोडून अडवला. त्यानंतर लगेच ल्यूक ओ'नीन खांद्याच्या दुखापतीनं बाहेर गेला. २०१८ च्या उन्हाळ्यात, क्लब तळाला असताना तो आला होता. बावरच्या त्या गोलच्या दिवशी तो मैदानात होता, आणि आता सर्वांत मोठ्या दिवशी त्याला पहिल्या काही मिनिटांतच उठावं लागलं. पंचविसाव्या मिनिटाला टायरीस कॅम्पबेलनं शेफील्डला आघाडी दिली. थोड्या वेळानं हॅरिसन बरोजनं दुसरा गोल केला. चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत व्हिडिओ पंच नसतात, या एका सामन्यात होते. पंचांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं. शेफील्डचा एक खेळाडू ऑफसाइड जागी उभा राहून गोलरक्षकाची नजर अडवत होता. गोल रद्द. ०-२ झालं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला वाटतं.

शहात्तराव्या मिनिटाला रॉबर्ट्सनं मायेंडाला पास दिला. २०२२ चा हा तोच रॉबर्ट्स. मायेंडानं चेंडू गोलच्या छताकडे असा हाणला की कूपरला हालचाल करायलाही सवड मिळाली नाही. आणि पंच्याण्णवाव्या मिनिटाला वॉटसन.

हा एकोणीस वर्षांचा डरहॅम परगण्यातला मुलगा लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. एप्रिलमध्येच ठरलं होतं की मोसम संपला की तो ब्रायटनला जाणार. गावचं पोर ऐन मोक्याच्या वेळी निघून चाललं म्हणून काही पाठीराखे नाराज होते, आणि ती नाराजी मला चुकीची वाटत नाही. प्रेमातूनच ती येते. पण ज्याच्यावर रुसले होते, त्यानंच निघताना त्यांना वर नेऊन ठेवलं. क्लबच्या जर्सीत तो त्यानंतर खेळला नाही.

शेफील्डचं दुःखही खरं होतं. साखळीत ते संडरलँडच्या १४ गुणांनी पुढे, ९० विरुद्ध ७६. त्या मोसमात पहिले दोन संघ थेट वर गेले आणि तिसऱ्या ते सहाव्याला प्ले-ऑफ खेळावी लागली; १९८७ पासूनची ही प्ले-ऑफची पद्धत अन्यायाची आहे असं त्यांचे पाठीराखे म्हणतात. शेफील्ड युनायटेडनं दहा वेळा प्ले-ऑफ खेळून एकदाही बढती मिळवलेली नाही. एका सामन्यावर किमान वीस कोटी पौंडांचं उत्पन्न टांगलेलं असतं, हेही विसरून चालत नाही. तरी मी या पद्धतीच्या बाजूनं आहे. नियम सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो, आणि १९९८ व २०१९ मध्ये संडरलँडच्या लोकांनीही तोच नियम मुकाट्यानं सोसला होता.

प्रीमियर लीगमध्ये हा संघ टिकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. त्याआधीच्या दोन्ही मोसमांत वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली गेले होते. वॉटसन ब्रायटनला गेला, बेलिंगहॅम डॉर्टमुंडला. १६ ऑगस्ट २०२५ ला स्टेडियम ऑफ लाइटवर पहिला सामना झाला आणि संडरलँडनं वेस्ट हॅमला ३-० हरवलं. पहिला गोल मायेंडाचा, दुसरा बॅलर्डचा, आणि तिसरा विल्सन इसिदोरनं भरपाई वेळेत केला.