नळींतील द्रव्याची ओळख

वाडीहून नागपूर शहराकडे जाऊं लागलें कीं अमरावती रस्त्यावर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था लागते. १९४२ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत शिकून कित्येक मुलें तेलाच्या व रसायनांच्या कारखान्यांत जातात. तेथील एका कामाचा परिचय घरच्या मंडळींस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खनिज तेलापासून झायलीन नांवाचें द्रव्य निघतें. त्याचे ऑर्थो, मेटा व पॅरा असे तीन प्रकार. तिन्हींचे घटक एकच, भेद केवळ रचनेचा. पॅरा सुमारें १३८ अंशांवर उकळतें, तर मेटा १३९ वर. म्हणून नुसत्या ऊर्ध्वपातनानें हीं विलग होत नाहींत. पॉलिएस्टर वस्त्राला तर पॅराच हवें. सबब तें अन्य युक्तीनें वेगळें करावें लागतें, आणि तें करीत असतां नळींत कोणाचें प्रमाण किती, हें क्षणोक्षणीं कळावें लागतें.

जुनी रीत म्हणजे नमुना काढून प्रयोगशाळेंत धाडणें. उत्तर येईतों बराच माल पुढें गेलेला असतो. शिवाय नमुना घेणाऱ्याच्या श्वासांत वाफा जाण्याचें भय असतें. अशाच कारखान्यांतील बेन्झीनच्या वाफांनीं तर रक्ताचा कर्करोग होऊं शकतो.

येथें चंद्रशेखर वेंकट रामन यांचा २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध कामीं येतो. एकरंगी प्रकाश द्रवावर टाकला असतां विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगाचाच राहतो. परंतु कोटींत एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनाशीं देवघेव करून किंचित् निराळ्या रंगाचा होतो. आवाजावरून माणूस ओळखावा, तसें या फरकावरून द्रव्य ओळखतां येतें. लेसरचा प्रकाश काचतंतूंतून नळीच्या खिडकीपर्यंत नेतात व परतलेला प्रकाश दूरच्या यंत्रांत तपासतात. नळी उघडावी लागत नाहीं आणि उत्तर थोड्याच अवधींत मिळतें. फ्रान्समध्यें सिद्ध झालेल्या पॅराझायलीनच्या ‘एलुक्सिल’ पद्धतींत हीच योजना आहे. मात्र काळ्या कच्च्या तेलांत ती अडखळते. तेल स्वतःच चमकूं लागतें व हा क्षीण प्रकाश झांकला जातो.

रामन प्रथम सरकारच्या अर्थखात्यांत अधिकारी होते. १९१० च्या सुमारास कांहीं काळ नागपुरांतही होते. १९१७ सालीं ती नोकरी सोडून त्यांनीं कमी वेतनाचें अध्यापकपद पत्करिलें, आणि पुढें हा शोध लागला. ज्या प्रकाशानें अज्ञात कामगाराच्या प्राणांचें रक्षण व्हावें, त्याचें मूळ अशा त्यागांत आहे. म्हणून कारखान्यांत रुजूं होणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनीं पगारासोबत एवढेंही अवश्य विचारावें : नमुना तुम्ही अजून हातानेंच काढतां, कीं प्रकाशाकडून ओळखवितां?