रशियन वाद्यवृंदाचा उच्चार

भाषा एकच असली तरी उच्चारावरून माणसाचा मुलूख कळतो. वऱ्हाडचा माणूस दोन वाक्ये बोलला की ओळखू येतो. आपल्या बाजारहत्नूरकडची मराठी तेलुगू, उर्दू आणि गोंडीच्या शेजारात वाढली आहे, त्यामुळे नांदेडकडे गेल्यावर आपणही ओळखू येतो. वाद्यवृंदालाही असाच उच्चार असतो. रशियन वाद्यवृंदांचा उच्चार कसा होता, तो कशाने घडला आणि आज तो जुन्या ध्वनिमुद्रणांतच का शोधावा लागतो, हे वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पाश्चात्त्य संगीतात संगीतकार आपली रचना स्वरलिपीत लिहून ठेवतो. कोणत्या वाद्याने कोणता स्वर किती वेळ आणि किती जोराने वाजवायचा, हे सारे त्यात असते. तो कागद समोर ठेवून ऐंशी-शंभर वादक संचालकाच्या खुणेबरहुकूम वाजवतात. मग बर्लिनमध्ये वाजवले काय आणि मॉस्कोत वाजवले काय, ऐकू येणार ते एकच, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. पंडित भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत कितीतरी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या. पुस्तक उघडून बंदिश वाचता येते, पण अब्दुल करीम खाँसाहेबांचा लागलेला स्वर त्या पानावर सापडत नाही. त्यासाठी त्यांची तबकडीच ऐकावी लागते. चायकोव्स्कीच्या स्वरलिपीचेही असेच आहे.

जुना रशियन ध्वनी ओळखण्याच्या खुणा ठळक आहेत. पहिली खूण हॉर्नची. जर्मन वादक या पितळी वाद्याचा स्वर बहुधा सरळ, स्थिर ठेवतात. रशियन वादक त्याला हलका कंप देत, त्यामुळे वाद्य गळ्यातून गायल्यासारखे वाटते. दुसरी खूण ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची. हे आवाज इतर वाद्यांत विरघळत नाहीत, धारदार होऊन पुढे येतात. लाकडी सुषिर वाद्यांचा स्वर किंचित अनुनासिक, आपल्या सनईच्या जवळ जाणारा असतो. आणि व्हायोलिनचा ताफा भरगच्च, गजाच्या पूर्ण लांबीचा उपयोग करणारा.

हे कसे घडले? सेंट पीटर्सबर्गचे संगीत विद्यालय 1862 मध्ये निघाले, मॉस्कोचे 1866 मध्ये. लिओपोल्ड आउअर यांनी पीटर्सबर्गला 1868 पासून जवळजवळ पन्नास वर्षे व्हायोलिन शिकवले. पुढे शिष्य शिक्षक झाले, त्यांचे शिष्य त्याच शहरांतल्या वाद्यवृंदांत बसले. आपल्याकडे घराणे असेच वाढते. सोव्हिएत काळात देशाची दारे बरीचशी बंद होती. बाहेरचे वारे कमी लागल्यामुळे हा ढंग टिकला. येव्गेनी म्राविन्स्की हे लेनिनग्राड फिलहार्मनिकचे प्रमुख संचालक 1938 पासून 1988 मध्ये मृत्यू येईपर्यंत होते. एका वाद्यवृंदावर एका माणसाचा पन्नास वर्षे हात फिरला, तर त्याचे वळण पक्के होणारच.

ऐकायचे कुठून? म्राविन्स्की आणि लेनिनग्राडच्या वादकांनी 1960 मध्ये दौऱ्यावर असताना लंडन व व्हिएन्ना येथे चायकोव्स्कीच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण केले. आज ते मोबाइलवरही सहज मिळते. आधी पाचवीचा दुसरा भाग लावा. सुरुवातीनंतर थोड्याच वेळात एकटा हॉर्न गाऊ लागतो. मग चौथीचा आरंभ ऐका, तेथे पितळी वाद्ये नियतीची ललकारी देतात. तिसऱ्या भागात व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी तारा छेडतात. शेवटच्या भागात रशियन लोकगीताची एक साधी चाल येते आणि भोवती वादळ उठते. वेग असा की श्वास रोखला जावा, तरीही एकेक स्वर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. नंतर हीच सिंफनी कारायान यांच्या बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून ऐका. दवाखान्यात दोन रुग्ण एकच तक्रार घेऊन येतात, पण सांगण्याची तऱ्हा निराळी असते आणि आम्हा होमिओपॅथीवाल्यांना औषध त्या तऱ्हेवरून शोधावे लागते. इथेही कान तऱ्हेकडे ठेवावा.

मात्र ‘अस्सल’ हा शब्द जपून वापरावा. चायकोव्स्की 1893 मध्ये गेला. ही ध्वनिमुद्रणे त्यानंतर सदुसष्ट वर्षांची. त्याच्या कानी नेमका हाच ध्वनी पडत होता, असे छातीठोक म्हणता येणार नाही. शिवाय रशियातही एकच रीत नव्हती. म्राविन्स्की काटेकोर, तर मॉस्कोचे गोलोव्हानोव्ह लय मनमुराद ताणणारे. येव्गेनी स्वेत्लानोव्ह यांनी 1965 ते 2000 पर्यंत मॉस्कोचा सरकारी वाद्यवृंद सांभाळला आणि मेलोदिया कंपनीसाठी रशियन संगीताचे प्रचंड भांडार ध्वनिमुद्रित केले. त्यांचा ढंग रुंद, भावनेने ओथंबलेला. जैन परंपरेतला अनेकान्त इथे उपयोगी पडतो. प्रत्येक वादनात सत्याची एक बाजू असते, आणि म्हणूनच त्यातली एकही बाजू पुसली जाऊ नये.

पण ती पुसली जाऊ लागली. 1991 नंतर कितीतरी वादक पश्चिमेकडे गेले, वाद्ये बदलली, जगभरचे वाद्यवृंद एकमेकांसारखे वाजू लागले. सफाई आली, पण मुलूख ओळखू येईनासा झाला.

1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून पृथ्वीचे आवाज अंतराळात पाठवले. त्या तबकडीवर रशियात जन्मलेल्या स्त्राविन्स्कीची रचना आहे. संचालक तो स्वतः, पण वादक अमेरिकन. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तिथे रचना आणि उच्चार वेगळे करताच येत नाहीत. केसरबाईंच्या गळ्यावाचून ती भैरवी उरतच नाही.

आपल्याकडे काय उरेल, हा प्रश्न आपला आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड पाड्यांवर दंडारी निघते, घुसाडी नाचतात. तिथला ढोल आणि पेपरे दुसऱ्या कुणी नोटेशनवरून वाजवले तर ते तसे वाजणार नाही. आपल्या घरांतल्या जात्यावरच्या ओव्या आणि काकडआरतीच्या चालीही तशाच. शब्द वहीत उतरवून ठेवणारे कुणीतरी भेटते, पण चाल आणि उच्चार त्या त्या आजीबरोबर जातात. रशियाजवळ निदान म्राविन्स्कीच्या तबकड्या आहेत. आपल्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे आणि घरात गाणारे जुने माणूस अजून आहे. यंदा सणाला घरी सगळे जमतील तेव्हा ते यंत्र त्या माणसापुढे ठेवा, नाव, गाव आणि तारीख सांगा, आणि मध्ये न बोलता ऐका.