कोंबड्यांचे खुराडे

नांदेड व लातूर जिल्ह्यांत अनेक घरांच्या परसात चार-सहा कोंबड्या दिसतात. दिवसभर त्या दाणे, किडे टिपत हिंडतात आणि दिवेलागणीला परततात. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील बायकांच्या हाती येतात. त्यांतून मीठ-मिरची येते, मुलांच्या वह्याही येतात. म्हणून कोंबड्यांचा निवारा नीट विचार करून बांधावा.

खुराडे केवढे असावे? हिशेब सोपा आहे. एका मोठ्या कोंबडीला रात्री सुमारे २ चौरस फूट जागा लागते. १० कोंबड्यांना २० चौरस फूट, म्हणजे ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे हवे. मग ५ कोंबड्यांसाठी १० चौरस फूट पुरे का? नाही. एखादी कोंबडी खुडूक बसली, की २१ दिवसांनी आठ-दहा पिले अंड्यांतून बाहेर येतात. काही महिन्यांतच ती मोठी होतात आणि खुराडे अपुरे पडते.

दाटी झाली, की विष्ठेने जमीन ओली होते. उग्र वास सुटतो. कोंबड्या एकमेकींना टोचतात, अंडी कमी देतात. मानमोडीसारखा रोग एकीला झाला, तर तो झपाट्याने साऱ्यांत पसरतो. म्हणून त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात बर्ड फ्लूने कावळे मेले. अशा वेळी कोंबड्या मोकळ्या सोडणे धोक्याचे असते. दिवसभर आत ठेवायचे, तर दर कोंबडीमागे ८ ते १० चौरस फूट जाळीबंद अंगण हवे.

आपल्याकडे उन्हाळा कडक असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे ऊन आत कमी येते. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसराव्यात. हवा खेळण्यासाठी जाळी लावावी. पण तिची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. नाहीतर मुंगूस, साप आत शिरतात. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक खोके ठेवावे.

जागा कमी पडते, हे कोंबडीला सांगता येत नाही. ते आपणच आधी मोजले पाहिजे.

शब्दार्थ
परस – घरामागील मोकळी जागा
खुडूक – अंडी उबवायला बसलेली (कोंबडी)
मानमोडी – कोंबड्यांचा एक रोग
तुराटी – तुरीचे वाळलेले झाड

स्वाध्याय
१. खुराड्यात दाटी झाल्यास काय होते?
२. १५ कोंबड्यांसाठी किती चौरस फुटांचे खुराडे लागेल?