मेमरीच्या कोठाराचा कारभारी

दिवसभर टॅब उघडावेत, संध्याकाळी सगळे मिटावेत, तरी ब्राउझरने अडवलेली मेमरी पुरती मोकळी होऊ नये, हा अनुभव फायरफॉक्सच्या जुन्या वापरकर्त्यांना चांगलाच ओळखीचा होता. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मेमरीचे पडलेले तुकडे. एकूण रिकामी जागा भरपूर, पण सलग अशी थोडीच.

ही जागा वाटून देतो तो मेमरी अलोकेटर. २००८ साली आलेल्या फायरफॉक्स ३ने विंडोज आणि लिनक्सवर तोच बदलला. त्याऐवजी जेसन इव्हान्स यांनी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला जेमॅलॉक घेतला.

जेमॅलॉक ठरावीक मापांचे खण ठेवतो. प्रोग्रामने १०० बाइट मागितले, तर ११२ बाइटचा खण मिळतो. १२ बाइट वाया जातात खरे. पण खण रिकामा झाला की त्या मापाच्या पुढच्या मागणीला तो जसाच्या तसा कामी येतो.

लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीची अडचण वेगळी. प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या धाग्यांनी, म्हणजे थ्रेडनी, एकाच दारात रांग लावू नये म्हणून तिचा अलोकेटर स्वतंत्र कोठारं उघडतो. त्यांना ‘अरिना’ म्हणतात. ६४ बिटच्या यंत्रावर त्यांची मर्यादा कोअरच्या आठपट, म्हणजे ८ कोअरवर ६४. प्रत्येकात थोडी थोडी जागा अडकून पडते. म्हणून रुबी भाषेतली वेब अ‍ॅप चालवणारे अनेकजण ही मर्यादा २वर आणतात. कोडला हातही लावावा लागत नाही. प्रोग्राम सुरू करताना एक सेटिंग दिलं की झालं. मेमरी वाचते, मात्र थ्रेड अरिनाच्या कुलपापाशी ताटकळण्याची शक्यता वाढते.

त्यामुळे जाणकार बदलाच्या आधी आणि नंतर, खऱ्या कामाच्या भाराखाली, दोन्ही आकडे मोजतात: किती मेमरी व्यापली आणि उत्तर यायला किती वेळ लागला.